मुकुंदरावांनी निवडलेली जाकिटं

रेणू, तो फोन ठेव बाजूला. तेजस, दात काढू नकोस. ही आपल्या मुकुंदरावांची गोष्ट आहे. इथे तारनाक्यालाच, मागच्या गल्लीत राहतात. खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा.

मुकुंदराव सिकंदराबादला एका ठेकेदाराकडे स्टोअर सांभाळायचे. रूळदुरुस्तीचं काम. कामगारांची चमकती जाकिटं फाटली होती, म्हणून ते नवी आणायला अफझलगंजला गेले. माणूस जाणता. वेल्डरला जाड सुती कापडच हवं, दुसरं वितळून कातडीला चिकटतं. रस्त्यावरच्याला पिवळं, रुळावरच्याला नारिंगी. अन् रात्री रंगाला कोण विचारतो, रात्री चंदेरी पट्टीच जीव वाचवते. सगळं पाठ! पट्टी पारखायची रीतही ठाऊक : अंधार करायचा, टॉर्च डोळ्याशेजारी धरायचा अन् लांबून मारायचा; खरी असेल तर लखलखते. पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पट्ट्या झगझगत होत्या, दुकानदारानं इराणी चहा पाजला, अन् हा शहाणा तेवढ्यावर भुलला. अंधारात एकही बघितली नाही.

पंधरा दिवसांत बबलू गेला. रुळावरचा कामगार, बीदरकडचा, तिशीतला गडी. इंजिनाचा दिवा थेट अंगावर पडला, तरी ड्रायव्हरला तो दिसलाच नाही.

पुढचं ऐका. ठेकेदार हिम्मतराव म्हणाला, "जाकीट धड आहे. धुवा अन् दुसऱ्याला द्या."

"अहो, मेलेल्याच्या अंगावरचं..."

"नक्को मुकुंदराव, एवढं नाजूक होऊ नका. कपडा आहे तो, प्रेत नाही."

थू असल्या माणसावर! अन् थू आमच्या मुकुंदरावांवरही, कारण त्यांनी ते धुतलं. चार वेळा पाणी बदललं, तरी बादलीवर लालसर तवंग. नखांतला वास जाईना. ताटावर बसले अन् ओकारी येऊन उठले.

दहा डिसेंबर, मंगळवार, दोन हजार चोवीस. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, साधी दशमी. रात्री साडेअकरा. बारा वाजता अकरा माणसं रुळावर जायची होती, अन् मुकुंदराव त्यांची जाकिटं काढायला गोदामात शिरले. तेवढ्यात लाइट गेली. त्यांनी टॉर्च लावला, डोळ्याशेजारी धरला, अन् ढिगावर मारला.

एकही पट्टी चमकली नाही. सगळ्या काळ्या ठिक्कर.

तेव्हा त्यांना उमगलं, बबलूला कुणी मारलं ते. बाहेर माणसं विड्या ओढत होती. सांगावं, तर नोकरी जाणार. न सांगावं, तर... मुकुंदराव 'आजची रात्र जाऊ दे, उद्या बघू,' म्हणाले अन् जाकिटं पोत्यात भरायला लागले. हो, भरायला लागले! मला त्याचीच किळस येते.

शेवटचं जाकीट खिळ्यावर होतं. धुतलेलं. त्यांनी हात घातला.

ओलं. आठ दिवस वाळत होतं, तरी ओलं. अन् कोमट...

टॉर्च विझला. तोच वास आला. सडक्या मटणाचा. मग पाठीवर काहीतरी चिकट टेकलं. खांद्यांवरून पुढे आलं. छातीवर आवळलं. चर्र... जाकिटाचं पुढचं वेल्क्रो आपोआप लागलं.

मुकुंदराव हलले नाहीत.

कानाशी कुणीतरी श्वास घेतला.

"काका..."

...

"आता मी दिसतो का?"

ते बोंब ठोकत बाहेर आले. अंगावर साधा शर्ट, जाकीट कुठेच नाही. फाटकात आडवे पडले अन् ओरडले, "रुळावर जायचं तर माझ्या अंगावरून जा! पट्ट्या खोट्या आहेत. मीच आणल्यात!" त्या रात्री कुणी गेलं नाही. हिम्मतरावानं त्यांना तिथल्या तिथे हाकललं.

पहाटेच्या अंधारात घरी त्यांच्या बायकोनं, भामाकाकूंनी, त्यांचा शर्ट उतरवला अन् कुठे लागलंय का बघायला टॉर्च मारला. उघड्या छातीवर दोन आडव्या पट्ट्या लखलखल्या. कातडीतच. मुकुंदरावांनी काथ्यानं रक्त येईतो घासल्या. रक्तावरूनही त्या तशाच चमकत होत्या.