दिवेलागणीला कण्हणारा डबा

लक्ष्मीपूजनाच्या आत कॉम्प्युटर नदीत सोडायचा, असं त्रिंबकआबांनी जाहीर केलं आणि केदारखेड्यातल्या एकाही मोठ्या माणसाने "का" म्हणून विचारलं नाही. विचारणार कोण? सगळ्यांनी आपल्या कानांनी ऐकलं होतं.

दसऱ्यापासून रोज दिवेलागणीला तो डबा आपोआप जागा व्हायचा. बटणाला कुणी हात लावलेला नसायचा. आधी पोटात पंखा घरघरायचा, मग तो तीनदा लांब कण्हायचा, दुखणेकऱ्याने कूस बदलताना कण्हावं तसा. पडदा काळाच. जरा थांबून पुन्हा तीनदा. आबांची बायको मालनबाई श्रावणात गेली, ती शेजारच्याच खाटेवर. शेवटचे आठ दिवस ती अशीच कण्हत होती. डबा कण्हायला लागला तसे आबा त्या खोलीत पाय ठेवीनात.

"तिचा जीव अडकलाय त्यात," ते म्हणत. "सोडवायलाच पाह्यजे."

त्यांची नात वर्षाराणी आठवीत होती. तिची धास्ती निराळी. आजी शेळ्यांना हाका मारायची, प्रत्येक शेळीची हाक वेगळी. शाळेच्या प्रकल्पासाठी वर्षाराणीने त्या हाका फोनवर टिपून कॉम्प्युटरमध्ये साठवल्या होत्या. फोन पुढे विहिरीत पडला. आजीचा आवाज आता जगात फक्त त्या डब्यात उरला होता, आणि डबा चालला होता नदीत.

शेळ्यांच्या गोठ्यामागे तिघांची बैठक बसली. वर्षाराणी, तिचा चुलतभाऊ करण आणि मैत्रीण मदीहा. भूत म्हटलं की करण आधी पळतो आणि मग विचारतो, "कुठंय?" मदीहा आधी बसते. दोन दिवस ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती आणि तिने एक गोष्ट पकडली. डबा घरघरतो त्याच क्षणी पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी सुरू होते.

"म्हंजे लाईट आली की उठतो," मदीहा म्हणाली. "भूत लाईटीची वाट कशाला पाहील?"

"उठतो ते कळलं. मंग कण्हतो कशाला?" करणने विचारलं.

त्यासाठी डबा उघडणारा माणूस हवा होता. तो तालुक्याला, भोकरदनला मिळणार होता. सुट्टीत तिघांनी कापूस वेचून सोळाशे रुपये जमवले होते. तेवढ्यात डबा बरा करायचा आणि अंधार पडायच्या आत घरी आणायचा.

आबांची थोरली बहीण गोजरबाई हिला सांगणं भाग होतं. ती म्हणाली, न्या. डब्याच्या जागी मी उशी झाकून ठेवते. माझ्या भावाला डोळ्यांनी कमी दिसतं आणि भीतीने आणखी कमी.

वाकळीत गुंडाळलेला डबा करणच्या मांडीवर बसून एसटीने निघाला. दर खड्ड्याला आतून काहीतरी खुळखुळायचं आणि दर खुळखुळीला करणचा रंग उडायचा. शेजारच्या बाईने आत कोंबडी आहे का म्हणून विचारलं. "आजी आहे," करणच्या तोंडून निघून गेलं. बाई उठून पुढे जाऊन बसली.

बसस्टँडजवळ शिवशंकरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. फोन कानाला, चहा हातात. अशा माणसाला तिसऱ्या कामासाठी हात उरत नाही. त्याने डबा उघडलासुद्धा नाही. वरून दोन टिचक्या मारल्या आणि निकाल दिला, प्रोसेसर गेला, मदरबोर्ड गेला, मेमरीही गेली. आपोआप उठण्याचं काही विशेष नाही. लाईट आली की सुरू व्हायची सोय कुणीतरी आत करून ठेवलेली असते. पण नवीन तिन्ही घ्यायचे तर सोळाशे हातात घेऊन दुकानाची पायरीही चढू नये. पोरांची तोंडं पाहून त्याने कपाटातून एक जुना, जोरकस प्रोसेसर काढला. पंधराशेला देतो म्हणाला.

"हा आमच्या बोर्डावर बसतो का?" मदीहाने विचारलं.

"ह्याला बोर्ड निराळा लागतो. तो नंतर न्या."

"म्हंजे इंजन आज आणि ट्रॅक्टर पुढच्या दिवाळीला," वर्षाराणी म्हणाली. "आणि मेमरी?"

"ती बोर्डावर अवलंबून. बोर्ड नवा, तर मेमरीपण नवी."

वर्षाराणीने मनात मांडून पाहिलं. पायाविना भिंत हा माणूस आधी विकतोय. प्रोसेसर कितीही भारी असो, बोर्डाची बैठक त्याला जुळली पाहिजे आणि मेमरीची खाच बोर्डाला. आजीच्या आवाजाला जोर नको होता, जाग हवी होती.

तेवढ्यात गेलेली लाईट आली आणि दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीतून कुणीतरी कण्हलं. तीनदा. लांब.

करण वाकळीसकट दारात पोचला. वर्षाराणीच्या मानेवर काटा आला. आजी इथेही आली?

मदीहा तेवढी आत गेली. टेबलावर पोट उघडं टाकलेला एक परका कॉम्प्युटर घरघरत होता.

"काका, हा कशानं कण्हतोय?"

"मेमरी काढलीय त्याची," शिवशंकर फोनमधूनच म्हणाला. "मेमरी सापडली न्हाई की बोर्ड असाच ओरडतो."

वर्षाराणी हळूच वळली. "ओरडायला बोर्ड जिता लागत असंल ना? प्रोसेसरपण?"

"लागतोच की. मेलेला बोर्ड कशाला ओरडंल?"

"मंग आमचा पण रोज ओरडतो. उघडा त्याला."

शिवशंकरने फोन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदाच ठेवला असावा. झाकण निघालं आणि सगळे आत वाकले. हिरव्या बोर्डावर वाळलेलं हळदकुंकू. एका कोपऱ्यात झेंडूची करपलेली पाकळी. मेमरीच्या खाचेत तांदळाचा दाणा, आणि मेमरीच्या सोनेरी दातांवर पाण्याचा हिरवा गंज.

दसऱ्याला सगळे औताला, विळ्याला कुंकू लावतात, ते बाहेरून. आबांनी झाकण काढून आत लावलं होतं. आत मालनबाईचा आवाज होता ना.

वर्षाराणीने पाकळी चिमटीत उचलली. पण रडायला वेळ नव्हता, साडेतीनची गाडी गाठायची होती. शिवशंकरने खाच ब्रशने झाडली, स्पिरिटने पुसली आणि नवी मेमरी आणून वर्षाराणीच्या हातात दिली. तिने ती जुनीच्या शेजारी धरली. दोन्हींच्या दातांमधली चीर एका रेषेत येईना.

"काका, ही बसणार न्हाई. ही पुढच्या पिढीची आहे."

त्याने पाहिलं, कान खाजवला आणि खालच्या खणातून जुन्या जातीची, वापरलेली मेमरी शोधून काढली. पाचशे रुपये. चीर बरोबर जुळली. आजीच्या हाका मेमरीत नव्हत्याच, त्या वेगळ्या हार्डडिस्कवर होत्या. डबा सुरू झाला, आणि कण्हला नाही. एकच बारीकशी टिक, आणि पडदा उजळला.

"पोरींनो, दुकानात कामाला येता का?" शिवशंकर म्हणाला. मदीहाने सांगितलं, आधी तुमचं फोनवर बोलणं संपू द्या.

घरी पोचले तेव्हा आबा उंबऱ्यावरून काठीने पांघरूण ओढून, उशी उघडी करून दारात बसले होते. चेहरा पांढरा. "गेली," ते म्हणाले. "आपल्या पायानं गेली." गोजरबाई पदराआड तोंड लपवून उभी होती.

डबा जागेवर बसला. आबा उंबऱ्याबाहेरच थांबले. अंधारून आलं. पलीकडे गिरणी धडधडली, आणि पंखा घरघरला. आबांनी डोळे मिटून घेतले. डबा कण्हलाच नाही.

वर्षाराणीने फाईल उघडली.

"चांदेऽऽ, ये गं बाई, ये, हुर्रऽऽ ये..."

खोलीत मालनबाई होती, धडधाकट, रानाच्या वाऱ्यासकट. मागे गोठ्यात दाव्याला हिसका बसला. म्हातारी चांदी शेळी खुंटा उपटून, आबांना ओलांडून सरळ आत आली आणि डब्यासमोर कान टवकारून उभी राहिली.

आबा तिच्या मागोमाग आत आले. श्रावणातल्या त्या खाटेच्या कडेला बसले.

"कण्हत कशानं होती?"

वर्षाराणी अडखळली. मग खरं तेच सांगितलं. "खाचेत अक्षतेचा दाणा होता, आबा. दसऱ्याची."

आबांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"गावातली दाढीमिशीवाली माणसं नदी शोधत होती," गोजरबाई म्हणाली, "आणि ह्या तीन पोरांनी डबा उघडून पाह्यला. त्रिंबक, पुढच्या दसऱ्याला कुंकू बाहेरून लाव."

आबांनी तिघांना जवळ ओढलं. करणच्या केसांतून हात फिरवला.

"तिला दुखत न्हाई, हे तुम्ही मला सांगितलं," ते म्हणाले. "आता परत लाव, बाई. चांदीला अजून ऐकायचंय."