पाचवीचा कोयता

दारावरच्या खुंटीवरून आवडाबाईंनी कोयता काढला, तेव्हा हाताला लाल भुगा लागला.

"आई, ते गंजकं बाळाच्या उशाशी नको हां. धनुर्वात व्हायचा," सून दक्षता म्हणाली. दोन दिवसांची बाळंतीण, आजच दवाखान्यातून कोपर गावातल्या घरी आलेली.

"नाय ठेवला तर काय होतं, ते मी दोनदा बघितलंय, बाय."

आवडाबाईंची पहिली दोन पोरं पाचवी उजाडायच्या आत गेली होती. भावेशच्या वेळी सासूने हाच कोयता उशाशी ठेवला. भावेश जगला, आता बाप झाला. पुढे सासूने कोयता कधी घासू दिला नाही. गंज त्याच्याच अंगावर राहू दे, एवढंच म्हणायची; का, ते सांगितलं नाही.

"मग चकचकीत करून ठेवा की."

हे आवडाबाईंना पटलं. कोयता दुपारभर व्हिनेगरमध्ये बुडवला. अर्धा बटाटा खायच्या सोड्यात दाबून पातं घासलं, उरलेले डाग मीठ-लिंबाने काढले. मग उन्हात वाळवून खोबरेल चोळलं. पात्यात स्वतःचा चेहरा दिसला. फडक्यात गुंडाळून कोयता बाळाच्या गादीखाली सारला.

सकाळी टोकाला बोटभर गंज होता.

"खाडीची हवा, दुसरं काय? माझी बाइक बघ कशी सडली," भावेश म्हणाला.

"बाइक बाहेर असते रे. हा गादीखाली होता."

त्यांनी फडकं चाचपलं. खडखडीत कोरडं. लोखंड ओलीशिवाय गंजत नाही, एवढं त्यांना जन्मभराच्या अनुभवाने ठाऊक होतं. पुन्हा घासलं, पुन्हा तेल लावलं.

चौथ्या दिवशी गंज मुठीपर्यंत चढला होता. पात्यावर चार बारीक पट्टे जास्त खोल खाल्लेले, शेजारी शेजारी. कुणी पकडून धरावं तसे.

"आज राहू दे असाच," आवडाबाई हळूच म्हणाल्या.

"उद्या पूजेत हे गंजकं मांडणार? लोक हसतील, आई." भावेश तारेची घासणी घेऊन बसला.

आवडाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या.

पाचवीच्या सकाळी कोयता लख्ख होता. गंजाचा ठिपका नाही.

"बघ, जमलं की नाय!" भावेश हसला.

आवडाबाई बाळावर वाकल्या. श्वास संथ चालू होता. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी इवलीशी मूठ उघडली.

आत ओला लाल भुगा होता.

पदराने पुसला. तळवा गुलाबी झाला.

आणि बघता बघता, बोटांच्या टोकांकडून, पुन्हा तांबूस होऊ लागला.