एका खोलीत चार इयत्ता

वेल्ह्याला निघालेल्या एसटीनं वळणावर असा काही गचका दिला की सोनियाच्या मांडीवरची कापडी पिशवी उसवली आणि आतले चिंचोके बसभर सैरावैरा पळाले.

"अगं बाई!" ती वाकली, तोवर पलीकडच्या बाकावरचा तरुण थेट बाकाखाली शिरला होता. वर आला तेव्हा ओंजळ भरलेली होती, केसांना जळमट लागलेलं.

"काय, सारीपाट मांडायचाय?"

"गणित शिकवायचंय."

"चिंचोक्यांनी?"

"मग काय, नुसते पाढे घोकायला लावू पोरांना?"

तो हसला. हसताना त्याचा आधी एकच गाल वर जायचा, दुसरा जरा मागून... सोनियानं ते पाहिलं आणि घाईघाईनं खिडकीबाहेर बघू लागली. बाहेर श्रावणातलं ऊन भाताच्या खाचरांवरून पळत होतं.

थांब्यावर ती उतरली, तर तोही उतरला. चिखलाच्या पायवाटेनं मागोमाग येऊ लागला, तशी ती गर्रकन वळली.

"माझ्या मागं का येताय?"

"मागं कुठं? शाळेत चाललोय. मी कुमार. शिवऱ्याच्या शाळेत असतो. दिवाळीपर्यंत इथं पाठवलंय मला."

सोनियाची कानशिलं तापली. दुसरा शिक्षक द्या म्हणून गेले कित्येक महिने तीच तर अर्ज करत होती!

शाळेच्या दोन खोल्यांपैकी एकीचे पत्रे वादळात उडालेले. त्यामुळं पहिली ते चौथी सगळी पोरं एकाच खोलीत. कुमारनं आल्या आल्या वाटणी केली. पहिली-दुसरी मॅडमची, तिसरी-चौथी त्याची. दोन फळे, एकमेकांना पाठ करून बसलेली पोरं. पण त्याचा आवाज असा खणखणीत, की पलीकडं सातचा पाढा सुरू झाला की इकडची पहिलीतली पोरं 'क'कडं बघून 'एकोणपन्नास' म्हणायची.

"सर, जरा हळू."

"मॅडम, तुमच्या चिमण्याच जास्त चिवचिवतात."

"मग कान इकडं कशाला ठेवता?"

"कान नाही ठेवत..." तो थांबला. खडू नुसताच बोटांत फिरवत राहिला.

त्या दिवशी सोनियाच्या फळ्यावरची अक्षरं जरा वाकडीच आली.

पण एक दिवस बिनसलं. चौथीतली रत्ना मेंढपाळांच्या घरची. पाऊस संपला की घरच्यांबरोबर मेंढरांमागं जायची, त्यामुळं तिची शाळा सारखी तुटलेली. कुमारनं तिला धडा मोठ्यानं वाचायला उभं केलं. तिला पहिला शब्दही फुटेना. पोरं हसली. रत्नानं दप्तर तिथंच टाकलं आणि ती पळाली, ती दुसऱ्या दिवशीही आली नाही.

"तिला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं," सोनिया संतापून म्हणाली. "एकदा विचारायचं तरी मला!"

त्यानं वाद घातला नाही. "चुकलं माझं. वस्तीची वाट दाखवाल?"

शाळा सुटल्यावर दोघं चढणीला लागले. धुकं इतकं खाली आलेलं, की पुढचं झाडही दिसेना. कुमारचा पाय घसरला, तशी तिनं छत्रीची मूठ पुढं केली.

"हात दिला असता तरी चाललं असतं..."

"चढ अवघड झाला की बघू," ती म्हणाली. बरं झालं, धुक्यात चेहरा दिसत नव्हता.

वस्तीवर रत्नाची आजी सगुणाबाई दारातच बसली होती. "न्हाई येत म्हनती ती. हसं करून घ्यायला कोन येईल, सर?"

शेळीच्या आडोशाला रत्ना उभी होती. कुमार तिच्यासमोर उकिडवा बसला.

"रत्ना, मी चुकलो. पुन्हा असं नाही करणार."

ती शेळीच्या आणखी मागं सरकली. मग सोनियानंच शेळीच्या पाठीवर हात फिरवला. "हिचं नाव काय गं?"

"...भिंगरी. लई द्वाड हाय. काल आज्जीची चोळी खाल्ली हिनं."

सोनिया खळखळून हसली. "उद्या वर्गात सांगशील हे? वाचायचं नाही, नुसतं सांगायचं."

दुसऱ्या दिवशी फळे वळले, चारी इयत्ता एका गोलात बसल्या. रत्ना सांगत गेली, कुमार शब्द न् शब्द फळ्यावर लिहीत गेला.

"सर, 'हाय' न्हाई, 'आहे' पायजे," चौथीतला भिमा ओरडला.

"आज रत्ना म्हणेल तसंच," सोनिया म्हणाली. "'आहे' उद्या."

पहिलीतल्यांनी 'चोळी'तला 'च' हुडकला. दुसरी-तिसरीतल्यांनी भिंगरीनं अजून काय काय खाल्लं त्याची वाक्यं रचली. आणि रत्ना... आपल्याच शब्दांखाली बोट ठेवत, अडखळत, शेवटपर्यंत वाचत गेली. मग आपणहून पुन्हा पहिल्यापासून. कुणी हसलं नाही. कुमारनं पोरांच्या डोक्यांवरून सोनियाकडं पाहिलं. या खेपेला तिनं नजर वळवली नाही.

त्यानंतर वर्गाची वाटणी कधी झाली नाही.

दिवाळी जवळ आली. पत्रे बसले, नव्या बाई नेमल्या गेल्या, आणि कुमारला शिवऱ्याला परतायचा आदेश आला. शेवटच्या दिवशी पोरं गेल्यावर दोघं शाळेच्या पायरीवर उभे राहिले. खाली खाचरांत भातकापणी चालली होती.

"एकदा थांबा म्हणा ना," तो म्हणाला.

"कसं म्हणू? तिथली पोरं वाट बघत असतील. आणि मलाही चला म्हणू नका. ही पोरं सोडून मी नाही यायची."

"चला कुठं म्हणतोय? मी म्हणतोय..." त्यानं घसा खाकरला. "सकाळी तुम्ही इकडं याल, मी शिवऱ्याला जाईन. संध्याकाळी मात्र... म्हणजे, नसरापूर दोघांनाही मधे पडतं. तिथं एखादं घर बघितलं तर..."

तिला हसू आवरेना. "सर, दुसरीतलं पोर यापेक्षा सरळ बोलतं. साधं वाक्य करा."

त्यानं श्वास घेतला. "सोनिया, मला तू आवडतेस. लग्न करशील माझ्याशी?"

वारा सुटला, ओल्या पेंढ्याचा वास वर आला. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं...

"रविवारी किकवीला आमच्या घरी ये. दादांना भेट, माझ्या वडिलांना. ते काय म्हणतील ते तेव्हा बघू." आणि मग हळूच, "मी हो म्हणतेय."

कुमार इतक्या मोठ्यानं हसला, की खाचरातल्या बायांनी विळे थांबवून वर पाहिलं. सोनिया लाजली... आणि तिनं तिथूनच त्यांना हात केला.