शर्वाणीच्या तेलकट वेण्या

पन्हाळ्याच्या पलीकडच्या डोंगरावर असलेल्या प्रज्ञाशाळेच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी एकच विषय होता: शर्वाणी खोतला ठेवायचं की घरी पाठवायचं.

"आलेख बघा," संचालिका डॉ. यामिनी देवस्थळी म्हणाल्या. "बाकीची सगळी मुलं वर चाललीत. ही एकटी रांगतेय. अशी जागा अडवून ठेवणं बरोबर नाही."

मेंदूतज्ज्ञ डॉ. फिरोज मुजावर चहा पीत आलेख न्याहाळत होते. यामिनीबाईंचा आत्मविश्वास साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होता, आणि तो फुकाचा नव्हता. त्यांनी बनवलेली पूर्वबोध-पट्टी केसांत घालून इथलं प्रत्येक मूल वर्गात बसे. मेंदूत शंका आकार घेऊ लागली की पट्टीचे संवेदक ती टिपत आणि मुलाला ती नीट जाणवायच्या आतच समोरच्या पडद्यावर उत्तर हजर होई. कुणी खोळंबत नसे, कुणी कंटाळत नसे. दहा-अकरा वर्षांची मुलं कॉलेजातलं गणित सोडवत. हुशार म्हणून गावच्या शाळेत टवाळी सोसलेल्या पोरांना इथे पहिल्यांदा जिवाभावाचे मित्र मिळत. हे सगळं खरं होतं आणि मोलाचंही होतं. यामिनीबाई तर स्वतःही दिवसभर पट्टी काढत नसत.

शर्वाणी अशाच पोरांपैकी. जत तालुक्यातल्या शाळेत वर्षाचं पुस्तक ती पंधरवड्यात संपवायची आणि उरलेलं वर्ष मागच्या बाकावर गप्प बसून काढायची. पोरं तिला 'मास्तरीण' म्हणून चिडवायची. तिचे वडील जालिंदर खोत आता बाहेर बाकड्यावर निकालाची वाट बघत होते.

"म्याडम, हितं आल्यापासनं पोरगी हसाय लागलीया," ते मघाशी म्हणाले होते. "परत न्हेली तर पुन्यांदा मुकी हुईल."

"काढायचंच असेल तर नियमाने काढू," मुजावर म्हणाले. "प्रवेशाची चाचणी पुन्हा घेऊ. सगळ्यांचीच."

प्रवेशाची चाचणी वेगळ्या यंत्रावर होई. त्याचं नाव प्रश्नस्फुरणमापक. उत्तर माहीत नाही आणि ते मनापासून हवंय, असा अस्सल प्रश्न मेंदूत उठला तरच त्याचा काटा हले. बुद्धिमत्तेची ही खूण यामिनीबाईंनीच ठरवली होती. काटा हलला नाही तर शाळेत जागा नाही, हा नियमही त्यांचाच.

दुपारपर्यंत चाचण्या आटोपल्या. मुजावरांनी पट्टी काढायला लावून प्रत्येकासमोर काचेच्या पेटीतली मुंग्यांची रांग ठेवली होती. मुलांनी मुंगीचं शास्त्रीय नाव सांगितलं, तिच्या शरीराचे भाग सांगितले आणि मुलं शांत बसून राहिली. काटा कुणाचाच हलला नाही. फक्त शर्वाणीचा हलला, आणि तो थांबेचना म्हणून शेवटी मुजावरांना पेटी बाजूला घ्यावी लागली.

"यंत्र बिघडलंय," यामिनीबाई म्हणाल्या.

"यंत्र ठणठणीत आहे. प्रश्न पडायच्या आतच उत्तर मिळत गेलं, तर प्रश्न पाडायचं काम मेंदू सोडून देतो. प्लास्टरमधला हात बारीक होतो, तसं."

"मग हिचं का नाही झालं? पट्टी तर हीसुद्धा घालते."

"घालते. पण चाचणीआधी तिचे केस धुवायला लावले, तेव्हा उलगडा झाला." मुजावर हसले. "आईची ताकीद आहे, डोकं कोरडं ठेवायचं नाही. रोज सकाळी खोबरेल थापून दोन वेण्या. एवढ्या तेलातून संवेदकांना काही कळतच नाही. सगळ्यांची डोकी वसतिगृहाच्या शाम्पूने धुतलेली असतात, असं आपण धरून चाललो. संकेत येईना, तेव्हा आलेख काढणाऱ्या आपल्या प्रणालीने काय ठरवलं, तर मेंदू मंद."

यामिनीबाई खुर्चीत बसल्या. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग त्यांनी स्वतःच्या केसांतली पट्टी काढून टेबलावर ठेवली, मापकाची टोपी डोक्यावर चढवली आणि मुंग्यांची पेटी पुढे ओढली. बराच वेळ त्या बघत राहिल्या. काटा जागचा हलला नाही.

दार ढकलून शर्वाणी आत आली. तिचे केस ओले आणि मोकळे होते.

"बाई, म्या घरी जायचं का?"

"नाही. तू इथंच राहायचंस."

शर्वाणीचा चेहरा उजळला. ती थेट पेटीपाशी आली. "मग एक इचारू? समद्या म्होरच्या मुंगीच्या मागनं जात्यात. पर पहिली मुंगी कुणाच्या मागनं जाती?"

सवयीने यामिनीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा होता.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. हे शब्द त्यांनी कित्येक वर्षांत उच्चारले नव्हते. त्या पेटीवर वाकल्या. "खरंच गं, कुणाच्या मागे जात असेल?"

मुजावरांनी काट्याकडे बोट दाखवलं. काटा थरथरत वर चढत होता.

यामिनीबाईंनी उठून दार उघडलं आणि जालिंदर खोतांना आत बोलावलं.

"मुलगी राहतेय," त्या म्हणाल्या. "तिच्या आईला एक निरोप द्या. पट्टी काढून घेतली तर मुलं कावरीबावरी होतील, म्हणून ती डोक्यावर राहू दे. पण रोज दुपारच्या वर्गाआधी सगळ्यांच्या डोक्याला तेल लावायचंय. ते कसं थापायचं, हे त्यांनी इथे येऊन शिकवावं. सुरुवात माझ्यापासून करायची आहे."