मंगळवारची गोगलगाय

"थांबा! तिथेच... आणि जमलं तर श्वाससुद्धा घेऊ नका!"

ती दारातच थिजली. बाबांना रुग्णालयात तपासणीच्या खोलीत बसवून ती त्यांची फाईल द्यायला निघाली होती आणि घाईघाईत भलत्याच खोलीत घुसली होती. समोर विस्कटलेल्या केसांचा एक संशोधक हातात इवलीशी काचेची बशी सांभाळत उभा होता.

"एवढं आहे तरी काय बशीत?"

"मेंदूच्या पेशी. जिवंत." तो हसला. "आता आलाच आहात, तर बघून जा."

तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला; त्याने एकामागून एक दोन बशा दाखवल्या. पहिल्या बशीत पेशी विषाने कोळपून गेल्या होत्या. दुसरीत विष तेच, तेवढंच, पण आधी एक द्रव्य घातलेलं—आणि तिथे केसाहून बारीक तंतू एकमेकांकडे धावत होते, शाबूत! तिच्या अंगावर काटा आला. बाबांच्या डोक्यात असंच रान रोज थोडं थोडं वाळत होतं, आणि कुणीतरी ते वाचवायला निघालं होतं.

"म्हणजे बाबांच्या हाताची थरथर...?"

"बशीत जमलंय. माणसात जमेल का, ठाऊक नाही."

त्याने थाप मारली असती, तरी ती खुश झाली असती. त्याने मारली नाही, आणि ती तिथेच फसली.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनने, त्यांचा ब्रश सुटला होता. आता त्याच द्रव्याच्या गोळ्यांची चाचणी बाबांवर आणि इतर रुग्णांवर वर्षभर चालणार होती. खरी गोळी कुणाला आणि औषध नसलेली, नुसत्या भुकटीची गोळी कुणाला, हे त्यालाही माहीत नव्हतं. दर मंगळवारी बाबा कागदावर गोल गोल फिरत जाणारी एक रेघ काढायचे, आणि तो तिची थरथर मोजायचा. बाबा त्या रेघेला गोगलगाय म्हणत.

"नवे कानातले?" तो हळूच विचारायचा.

"गोगलगाईकडे लक्ष द्या, बशीवाले!"

बाबा मान खाली घालून रेघ ओढत राहायचे. आणि खरंच, दर महिन्याला रेघ सुधारत गेली. तिने त्यांचे ब्रशसुद्धा धुऊन ठेवले.

वर्ष सरलं. तो स्वतः बाबांच्या पाट्यांच्या दुकानात आला, पडलेल्या चेहऱ्याने.

"द्रव्याचा उपयोग नाही झाला. आणि बाबा... तुम्हाला तर भुकटीच होती."

तिला रडूच कोसळलं. "मग त्या रेघा?"

"आशेने मेंदू स्वतःच सावरतो कधी कधी. काही काळ. मी वाचलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं... फार मोठं आहे हे."

"मी सांगतो," बाबा म्हणाले. "दर मंगळवारी ही सकाळपासून गुणगुणायची. आजार आल्यापासून घरात गाणं नव्हतं. गोळी खोटी असेल. पण गाणं?"

ती लाजून चूर झाली.

"सोमवारपासून नवं द्रव्य," तो म्हणाला. "पुन्हा बशीपासून. जमेल का, ठाऊक नाही. पण... मंगळवारी याल?"

"चाचणी संपली ना?"

"म्हणून तर विचारतोय. चालू असताना विचारायची सोय नव्हती."

बाबांनी त्याच्यापुढे कागद सरकवला. "आधी गोगलगाय काढा."

ती बघत होती. रेघ पहिल्याच वळणावर लटपटली.

"पेशंट खरा हा!" बाबा खदखदून हसले.

"येईन," ती म्हणाली आणि तिने त्याचा हात धरला. थरथर काही थांबली नाही. उलट तिच्याही हाताला लागली.