मधला खांब

वाळूत खांब तीन होते. काँक्रीटचे, गुडघाभर उंच, सरकारी किनाऱ्याची हद्द दाखवणारे. पहिला ओढ्याकाठच्या झुडपांत, तिसरा खडकावरच्या पायवाटेशी, आणि मधला हेर्मिनिया बाईंच्या घरासमोर, ओट्यापासून अकरा मीटर समुद्राकडे.

घर एक. समुद्राकडच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत नऊ मीटर. खोल्या तीन, खिडक्या पाच. ओट्यावर टेबल एक, खुर्च्या चार. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बाहेरून बाजूच्या भिंतीला लागून, सिमेंटच्या गोल ठिगळावर मातीचा मोठा रांजण एक. त्यात लाल जिरेनियम.

एवढं पाहून झाल्यावरच खासगी तपासनीस अंपारो ल्योर्का खुर्चीत बसली. तिचा सहकारी कीनो, निवृत्त पोलीस, तोवर दुसऱ्या कॉफीपर्यंत पोचला होता.

"मोजदाद झाली असेल तर माझं ऐकता का?" हेर्मिनिया बाई म्हणाल्या. सत्तरीच्या बाई. आयुष्यभर गावात पाव भाजून हाताला चटक्यांचे डाग पडलेले. "किनारपट्टी खात्याची नोटीस आलीय. हद्द म्हणे माझ्या घरातून जाते. रेषेच्या समुद्राकडचा भाग पाडणार. अहो, खांब डोळ्यांना दिसतोय ना समोर? तर साहेब म्हणतो, खांब नको, नकाशा बघा."

"घर घेताना नकाशा पाहिला नव्हता?" कीनोने विचारलं.

"आमच्या वाल्देसेरालमध्ये कोण नकाशा बघतो? गव्हाचा मुलूख तो. दर वसंतात अख्खं गाव हद्दीवरून चालत जातं, प्रत्येक दगडावर हात ठेवतं. सगळ्यांच्या पुढे माझे वडील असायचे. दगड हलवणाऱ्याच्या घरात आमच्याकडे कोणी मुलगी देत नाही. मी इथे आले, त्या खांबावर हात ठेवला, आणि घर घेतलं."

"आणि गावातलं घर?"

"विकलं. बदामाची बागही विकली. परत जायला काही उरलेलं नाही." बाईंनी टेबलावरचा चुरा तळहाताने गोळा केला. "खांब हललेला नाही, एवढं सिद्ध करून द्या. मग खातं गप्प बसेल."

"खांब जे सांगेल तेच मी सांगेन," अंपारो म्हणाली.

बाई दुकानात गेल्यावर दोघं वाळूत उतरले. पहिल्या खांबाची समुद्राकडची बाजू खाऱ्या वाऱ्याने खाल्ली होती. जमिनीकडच्या बाजूवर पिवळं दगडफूल धरलं होतं. तिसऱ्याचंही तसंच. मधल्या खांबाचं दगडफूल समुद्राकडे होतं, आणि खडबडीत बाजू घराकडे.

"उन्हामुळे असेल," कीनो म्हणाला.

"ऊन तिन्ही खांबांवर पडतं, कीनो."

तिने तिन्ही खांबांच्या मुळाशी उकरलं. पहिल्याखाली आणि तिसऱ्याखाली काँक्रीटचा गोळा, बाकी काही नाही. मधल्याखाली मूठभर कोळसा, आणि लाल कौलाचे तीन तुकडे, उभे, खांबाच्या तीन बाजूंना.

"बांधकामाचा कचरा," कीनो म्हणाला.

"कचरा कोणी असा मांडून ठेवतं?" तिने तुकडे रुमालात बांधले. मग पहिल्या खांबामागे वाकून तिसऱ्याच्या दिशेने एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिली.

घराची दलाल फीना रिपोल बंदरावरच्या कचेरीत नखं रंगवत होती. "खांब मी हलवला? मी कोळ्याची पोर. आमच्या सात पिढ्यांची जमीन म्हणजे होडीतली फळी. फावड्याची पुढची बाजू कुठली तेसुद्धा मला विचारून घ्यावं लागेल."

"पण खांब दाखवलात तुम्हीच."

"दिसत होता म्हणून दाखवला. करारात खांबाचं नावही नाही. बाईंनी स्वतः वाचून सही केलीय." तिने नखांवर फुंकर घातली. "वाईट मलाही वाटतं हो. पण वाईट वाटून काय होणार?"

घर विकणारा विसेंत ओर्त्स बारमध्ये डोमिनो खेळत होता. त्याचे हात इतके थरथरत की सोंगटी ठेवताना टेबल वाजत होतं.

"या हातांनी खांब उपटला म्हणता? माझ्याच्याने बटण लागत नाही शर्टाचं!" खेळणारे हसले.

"रांजण का मागे ठेवून गेलात?" अंपारोने विचारलं.

"जड होता," तो चटकन म्हणाला. "बाईंना सांगूनही ठेवलं होतं, हलवू नका, शुभ असतो."

"घराची डागडुजी कोण करायचं?"

"इथे हाताचा चांगला गवंडी एकच. तुमच्या बाईंचा भाऊ." विसेंतने नजर न उचलता पुढची सोंगटी ठेवली.

बाईंचा भाऊ कासिमिरो गावाबाहेर आपल्या संत्र्यांच्या तुकड्यात पाणी सोडत होता. तीस वर्षं तो या किनाऱ्यावर गवंडीकाम करत होता. त्याने दोघांच्या खिशांत संत्री कोंबली.

"मी तिला बजावलं होतं, घेऊ नकोस, भिंतींना ओल आहे. पण ती माझं कधी ऐकते? धाकटा ना मी!"

"पाचही खिडक्यांखाली मी हात फिरवला. भिंती कोरड्या आहेत."

"हिवाळ्यात येते ओल," तो म्हणाला आणि पाटाकडे वळला.

परत निघताना कीनो बांधाच्या कोपऱ्यावरच्या दगडाला अडखळला. दगड कलला. कासिमिरो धावत आला, गुडघ्यांवर बसला, खाली उघडं पडलेलं काहीतरी लाल बोटांनी पुन्हा आत सारलं, दगड बसवला आणि हाताने माती ठोकली.

"शिस्तीचा माणूस," गाडीत कीनो म्हणाला.

"फारच," अंपारो म्हणाली. तिने संत्रं सोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावरच्या चारही खुर्च्या भरल्या. कासिमिरो समुद्राकडे पाठ करून बसला. अंपारोने रुमाल सोडला आणि कौलाचे तुकडे एकमेकांना लावले. कडांत फट उरली नाही.

"मधल्या खांबाखाली मिळाले."

हेर्मिनिया बाईंचा चेहरा उजळला. "साक्षीदार! कासी, बघ, साक्षीदार! अहो, आमच्याकडे हद्दीचा दगड रोवताना एक कौल फोडतात आणि तुकडे कोळशाबरोबर खाली पुरतात. तुकडे जुळले की दगड जागचा हललेला नाही. झालं तर मग! खांब खरा आहे!"

कीनोने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, हा खांब सरकारी माणसांचा," अंपारो म्हणाली. "ते भोक पाडतात, काँक्रीट ओततात आणि पुढच्या गावाला जातात. शेजारच्या दोन्ही खांबांखाली काँक्रीटच आहे. मधल्याखाली ते नाही, आणि त्याचं तोंडही उलटं आहे. म्हणजे तो उपटून दुसऱ्यांदा रोवला गेला. साक्षीदार पुरल्याशिवाय ज्याला दगड रोवताच येत नाही, अशा माणसाने. फीना बंदरावरची. विसेंतला तर बटण लावता येत नाही. आणि तुम्ही घर बघायला आलात त्याच्या आधीपासून खांब पुढे होता."

"आमच्या गावचं इथे कोण..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

बराच वेळ त्यांनी भावाकडे पाहिलं नाही.

"विसेंतने बोलावलं होतं," कासिमिरो जमिनीकडे पाहत म्हणाला. "म्हणाला, वादळात खांब कललाय, जरा पुढे नीट उभा कर. कलला नव्हता. मला दिसत होतं. पण तेव्हा ते कुणाचं तरी घर होतं गं. तुझं नव्हतं."

"आणि कौल?"

"हातानेच पुरलं, सवयीने. मी पुरलं असं नाही."

"वा! लबाडी करतानासुद्धा बाबांची शिकवण पाळलीस!" बाईंचा आवाज फाटला. "आणि मी घर घेतलं तेव्हा काय तोंड शिवलं होतंस?"

"ओल आहे म्हटलं ना."

"ओल!"

"बाबांचा मुलगा दगड हलवतो, हे तुला कोणत्या तोंडाने सांगू?"

"विसेंतला कोर्टात खेचू," कीनो म्हणाला.

"करारात खांब नाही," अंपारो म्हणाली. "साक्ष द्यायला एकटे कासिमिरो. ती दिली की आधी तेच अडकतील. आणि एवढं करूनही हद्द नकाशावर आहे तिथेच राहील. खांब पुढे नेला म्हणून ती पुढे गेली नव्हती." तिने रुमालाची घडी घातली. "घर वाचेल असं माझ्याकडे काही नाही, बाई."

समोर समुद्र अगदी शांत होता. बाईंनी कौलाचे तुकडे वेगळे केले, पुन्हा जुळवले.

"ती खरी जागा कुठाय?"

"पहिल्या खांबावरून तिसऱ्याकडे नेम धरला की मध्ये रांजण येतो."

"एका रेषेत होते तिन्ही," कासिमिरो हळूच म्हणाला. "भोक मीच बुजवलं. रांजण विसेंतने ठेवला."

चौघांनी मिळून रांजण सरकवला. जिरेनियमची एक फांदी मोडली. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी सिमेंटच्या ठिगळावर तळहात ठेवला. मग भावापुढे हात केला. कासिमिरोने खिशातून गवंड्याचा टेप काढून दिला.

त्याने एक टोक घराच्या समुद्राकडच्या कोपऱ्याला धरलं. बाईंनी टेप ठिगळाच्या मध्यापर्यंत ताणला.

"वाच," तो म्हणाला.

"सहा मीटर ऐंशी."

तो उठला आणि उरणारा भाग मोजायला टेपचं टोक घेऊन मागच्या कोपऱ्याशी गेला.

"दोन मीटर वीस."