भरतीचा मुहूर्त

लेकीच्या लग्नाचा मुहूर्त काढताना प्रणिताने भटजींच्या पंचांगाशेजारी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून ठेवलं.

"भरती निम्मी चढलेली असेल असा मुहूर्त द्या," ती म्हणाली. भटजींना नवल वाटलं नाही. भरती-वीज प्रकल्पावरच्या पाणबुड्यांची घरं त्यांच्या ओळखीची होती.

तिचा नवरा जयवंत मोंडकर खाडीच्या तोंडाशी पाण्याखालची जनित्रं साफ करायचा. भरती पुरी चढून पाणी थबकलं की तेवढ्यात काम उरकावं लागे, आणि ती वेळ रोज पुढे सरके. अर्धवट झोपेत माणसं चुकत, बुडत. म्हणून कंपनीने त्यांना खेकड्याचं घड्याळ टोचलं. खाडीतला खेकडा अंधाऱ्या डब्यात ठेवला, तरी बाहेर भरती आली की आत चुळबुळू लागतो. त्याची ही जनुकं लशीतून माणसात उतरवली होती. जयवंत भरतीला जागा होई, ओहोटीला झोपे. असं दिवसातून दोनदा. लशीचा अंमल वर्षभरात ओसरेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो ओसरला नाही. प्रकल्प मात्र बंद पडला.

क्वार्टर सोडून ती दोघं लग्नाआधी पंधरवडाभर कोल्हापूरला, प्रणिताच्या भावाकडे आली. तिथे जयवंत वेळेआधीच झोपू लागला. प्रवासाचा शीण असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

लग्नाच्या दिवशी फेटा बांधताना त्याची बोटं मंदावली.

"भरती सरली काय गो?"

"नाही हो, बराच वेळ आहे. डोळ्यांना पाणी लावा."

त्याने पाणी लावलं, ओठ चावले, मांडवात येऊन उभा राहिला. आणि अंतरपाट धरायच्या आत खुर्चीत कोसळला. हाका मारल्या, गदागदा हलवलं. तो उठला नाही.

प्रणिताने डॉक्टरांना फोन लावला. "समुद्रापासून लांब नेलेला खेकडा काही दिवस घरची भरती पाळतो," ते चाचरत म्हणाले. "पुढे अंगाला पाणी लागलं नाही, की त्याचं घड्याळ भरकटतं. यांची भरती आता कुठल्याच किनाऱ्याची नाही."

"कन्यादान मामांनी केलं तरी चालेल," भटजी हळूच म्हणाले.

"बाबांचाच हात हवा," स्वरांगी रडतच म्हणाली.

प्रणिताने नवऱ्याचा निजलेला हात उचलला, त्याची ओंजळ आपल्या ओंजळीत धरली आणि तिच्यातून पाणी सोडलं.

जयवंत जागा झाला तेव्हा कार्यालयातली माणसं खुर्च्या गोळा करत होती.

"गेली?"

"गेली."

त्याने फेटा उतरवून मांडीवर ठेवला. "खूप रडली?"

"तुमचा हात सोडत नव्हती."

त्याने आपला तळवा उलटसुलट करून पाहिला.

तेवढ्यात स्वरांगीचा फोन आला. "आई, परवा आम्ही दोघं येतोय. बाबा कधी जागे असतील गं?"

प्रणिताने जयवंतकडे पाहिलं. तोही उत्तरासाठी तिच्याच तोंडाकडे पाहत होता.